गोळ्या मोजू नका, जंत मोजा

आज शनिवार. रिलीज नाही, ऑन-कॉल नाही, म्हणून निवांत लिहायला बसलोय. विषय जरा घाण आहे. चहा-पोहे व्हायचे असतील तर आधी उरकून घ्या, मग पुढे वाचा.

विषय आहे जंत. जंतू नव्हे, जंत. तेच ते, गांडुळासारखे पांढुरके-गुलाबीसर, पोरांच्या पोटात होणारे. शास्त्रीय नाव ॲस्कॅरिस लुंब्रिकॉइडिस. आपल्याकडे हा शब्द उच्चारला की दोनच प्रतिक्रिया येतात. एक, "ईऽऽ, शी!" आणि दुसरी, "अहो एक गोळी दिली की जातात, त्यात काय एवढं?" पहिल्या प्रतिक्रियेबद्दल माझी तक्रार नाही. भांडण आहे ते दुसऱ्या प्रतिक्रियेशी. ती नुसती काकू-मावश्यांची नाही, सगळ्या देशाचंच धोरण जवळजवळ त्या एका वाक्यावर उभं आहे.

आधी थोडी ओळख करून घेऊ, कारण ज्याच्याशी भांडायचं तो कसा चालतो हे माहीत नसेल तर भांडण म्हणजे नुसता आरडाओरडा.

पूर्ण वाढलेली मादी २० ते ३५ सेंटीमीटर लांब असते. म्हणजे शाळेतली फूटपट्टी डोळ्यांसमोर आणा. ती लहान आतड्यात राहते, वर्ष-दोन वर्षं जगते आणि दिवसाला साधारण २ लाख अंडी घालते. हो, दिवसाला. वर्षाचा हिशेब केला तर सात कोटींच्या वर जातो. ही अंडी विष्ठेतून बाहेर पडतात. आता इथे एक गंमत आहे, आणि माझा सगळा मुद्दा या गमतीवरच उभा आहे. ही अंडी बाहेर पडल्या पडल्या कोणालाही काहीही करू शकत नाहीत! त्यांना आधी मातीत राहावं लागतं. ऊब, ओलावा आणि सावली मिळाली तर दोन ते चार आठवड्यांत आत अळी तयार होते, आणि मग ते अंडं "पिकतं". त्यानंतर ते त्या मातीत महिनोन्‌महिने, परिस्थिती चांगली असेल तर वर्षानुवर्षं, कोणीतरी गिळण्याची वाट बघत पडून राहतं.

गिळलं की पुढचा प्रवास एखाद्या भयपटासारखा. अंडं लहान आतड्यात फुटतं, अळी आतड्याची भिंत भेदून रक्तात शिरते, यकृतातून फुप्फुसात जाते, तिथे दहा-चौदा दिवस वाढते, मग श्वासनलिकेतून वर चढत घशापर्यंत येते आणि आपण तिला पुन्हा गिळतो. आता मात्र ती आतड्यात मुक्काम ठोकते. अंडं गिळल्यापासून नवी अंडी बाहेर पडायला लागेपर्यंत दोन-तीन महिने जातात. मधल्या काळात जो खोकला येतो, छातीत घरघर होते, ती "हवा बदलली" म्हणून खपून जाते.

हे सगळं कोणी शोधलं? जपानमधल्या शिमेसू कोइनो नावाच्या एका डॉक्टरने १९२२ साली स्वतःच २००० अंडी गिळली! त्याला न्यूमोनियासारखा आजार झाला, थुंकीत अळ्या सापडल्या आणि पुढे औषध घेतल्यावर साडेसहाशेच्या वर जंत पडले. आपण प्रॉडक्शनवर टेस्टिंग करणाऱ्याला शिव्या घालतो. या माणसाने तर स्वतःच्या फुप्फुसावर टेस्टिंग केलं.

यातून एक फार महत्त्वाची गोष्ट कळते. जंत पोटात वाढतात, पण पोटात *पैदा* होत नाहीत. मादीने आत अंडी घातली म्हणून आतल्या आत पिल्लं होत नाहीत. त्या अंड्यांना बाहेर जाऊन मातीतून फिरून यावंच लागतं. तुमच्या पोरग्याच्या पोटात १० जंत असतील तर त्याने कोणाच्या तरी विष्ठेतली किमान १० अंडी गिळलेली आहेत. गूळ खाल्ल्याने नाही, चॉकलेट खाल्ल्याने नाही, केळं खाल्ल्याने नाही. "गोड खाऊ नकोस, जंत होतील" हे वाक्य आपल्या किती पिढ्यांनी ऐकलं असेल! आणि "दात खातो म्हणजे नक्की जंत" हे त्याचं जुळं भावंड. गोड खाण्याने दात किडतील, वजन वाढेल, पण जंत होणार नाहीत. ते गोडातून नाही, मातीतून येतात.

या गैरसमजाला मी निरागस मानत नाही. तो फार सोयीचा आहे. दोष पोराच्या जिभेवर गेला की गावाच्या संडासाकडे कोणाला बघावंच लागत नाही.

आता गोळीकडे येऊ.

२०१५ च्या फेब्रुवारीत आपल्याकडे राष्ट्रीय जंतनाशक दिन सुरू झाला, पुढच्या वर्षी तो देशभर गेला. १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्ट या त्याच्या मूळ तारखा. वय १ ते १९. अंगणवाडीत आणि शाळेत अल्बेंडाझोलची ४०० मिलिग्रॅमची गोळी, दोन वर्षांच्या आतल्या बाळाला अर्धी. गोळी स्वस्त आहे, सुरक्षित आहे, चघळायला सोपी आहे. ती जंताच्या पेशींमधल्या ट्यूब्युलिन नावाच्या प्रथिनाला धरते, त्यामुळे जंताला साखर शोषून घेता येत नाही आणि तो उपाशी मरतो. औषध म्हणून मला तिच्याबद्दल आदरच आहे.

आणि ती काम करते, हेही कबूल केलं पाहिजे. सरकारने २०२० मध्ये जाहीर केलेल्या पाहणीनुसार छत्तीसगडमध्ये मातीतून पसरणाऱ्या जंतांचं प्रमाण २०१६ मध्ये ७४.६ टक्के होतं, ते २०१८ मध्ये १३.९ टक्क्यांवर आलं. हा आकडा छोटा नाही. जी आशाताई उन्हातान्हात हिंडून या गोळ्या खाऊ घालते, तिच्या कामाला नावं ठेवायची माझी अजिबात इच्छा नाही. गोळ्या बंद करा असंही मी म्हणत नाहीये. हे आत्ताच स्पष्ट सांगतो, नाहीतर अर्धवट वाचून कोणीतरी पोराची गोळी चुकवायचा.

माझं म्हणणं वेगळं आहे.

एका जुन्या प्रोजेक्टमध्ये (क्लायंट कोण ते विचारू नका) आमच्या सर्व्हरला मेमरी लीक होती. कोड कोणी बघेना. कोणीतरी हुशारी करून एक क्रॉन जॉब टाकला, रोज पहाटे तीनला सर्व्हर रिस्टार्ट. झालं! डॅशबोर्ड हिरवागार. मॅनेजर खूश, क्लायंट खूश. पुढची दोन वर्षं तो बग तिथेच होता आणि "आपल्या सिस्टिमला प्रॉब्लेमच नाही" असं सगळे मीटिंगमध्ये सांगत होते. फेब्रुवारी आणि ऑगस्टची गोळी हा तसलाच क्रॉन जॉब आहे. रिस्टार्ट गरजेचा असतो, नाहीतर सिस्टिम बसते. पण रिस्टार्टला फिक्स म्हणायचं नसतं हो!

याला पुरावा हवा ना? २०१२ साली पीएलओएस निग्लेक्टेड ट्रॉपिकल डिसीजेस या नियतकालिकात वेगवेगळ्या देशांतल्या अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. प्रश्न साधा होता: गोळी दिल्यावर जंत किती दिवसांत परत येतात? उत्तर असं की गोळीच्या आधी जेवढं प्रमाण होतं, त्याच्या २६ टक्के तीन महिन्यांत परत येतं, ६८ टक्के सहा महिन्यांत आणि ९४ टक्के एका वर्षात. म्हणजे दोन गोळ्यांमधल्या सहा महिन्यांत गावाने दोन तृतीयांश अंतर परत कापलेलं असतं. दोन दिवस गोळीचे, उरलेले ३६३ दिवस अंड्यांचे.

बरं, गोळी १ ते १९ वयाच्यांना. मान्य, सर्वात जास्त जंत पोरांच्याच पोटात असतात आणि त्यांचंच नुकसान जास्त होतं. पण त्यांचे आई-बाप, काका, आजोबा? तेही त्याच मातीत राहतात, त्यांच्याही पोटात जंत असतात, आणि तेही रोज लाखो अंडी त्याच शेतात, त्याच ओढ्याकाठी सोडतात. अर्ध्या सर्व्हरना पॅच मारायचा, अर्ध्यांना नाही, आणि नेटवर्क मात्र एकच!

आता नारूची गोष्ट. चाळिशी-पन्नाशीच्या पुढच्या लोकांना आठवत असेल, किंवा आजी-आजोबांकडून ऐकलं असेल. पायाला फोड यायचा, त्यातून दोरीसारखा जंत बाहेर यायचा आणि तो काडीला गुंडाळत रोज थोडा थोडा ओढून काढायचा. महाराष्ट्रातही होता. नारूवर तेव्हा औषध नव्हतं आणि आजही नाही. लसही नाही. १९८३-८४ च्या सुमारास देशात नारू निर्मूलनाचा कार्यक्रम सुरू झाला. पायऱ्यांच्या विहिरींमध्ये लोक पाय घालून पाणी भरायचे, त्या बंद केल्या किंवा बदलल्या. हातपंप आले. पाणी फडक्याने गाळून प्या असं घरोघर सांगितलं. पाण्यात सायक्लॉप्स मारणारं रसायन टाकलं. गावोगाव रुग्ण शोधून मोजले. शेवटचा रुग्ण १९९६ च्या जुलैमध्ये राजस्थानात सापडला आणि २००० च्या फेब्रुवारीत जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त असल्याचं प्रमाणपत्र दिलं.

गोळी नसलेला जंत आपण देशातून घालवला. गोळी असलेला जंत मात्र आजही मुक्कामाला आहे. मला हा योगायोग वाटत नाही. नारूच्या बाबतीत आपल्याकडे पळवाट नव्हती, म्हणून मुळाशी जावंच लागलं. जंताच्या बाबतीत पळवाट आहे, ती आठ-दहा रुपयांना मिळते, आणि तिच्याबरोबर फोटोही चांगला येतो.

कोणी म्हणेल, नारूची तुलना चुकीची आहे. नारूला एकच रस्ता होता, पिण्याचं पाणी. रुग्ण डोळ्यांना दिसायचा. जंताची अंडी माती, भाजी, हात, पाणी, सगळीकडून येतात आणि रुग्ण बाहेरून ठणठणीत दिसतो. बरोबर आहे. जंत जास्त अवघड आहे. पण अवघड आहे म्हणून अशक्य आहे का? तर दक्षिण कोरिया बघा.

१९६३ साली कोरियातल्या जॉन्जू शहरात नऊ वर्षांच्या एका मुलीला पोटदुखीने दवाखान्यात आणलं. आतडं जंतांनी तुंबलं होतं. शस्त्रक्रियेत १०६३ जंत निघाले. मुलगी वाचली नाही. तेव्हाच्या कोरियात शेताला सर्रास मैल्याचं खत घातलं जायचं आणि त्याच शेतातल्या कोबीची किमची घरोघर व्हायची. १९६६ मध्ये त्यांनी परोपजीवी रोगांविरुद्ध कायदाच केला. १९७१ च्या पहिल्या राष्ट्रीय पाहणीत ५४.९ टक्के लोकांच्या पोटात हा जंत होता. १९८१ मध्ये १३ टक्के. १९८६ मध्ये २.१. १९९७ मध्ये ०.०६ टक्के. शून्य पूर्णांक शून्य सहा!

त्यांनी काय केलं? गोळ्या दिल्याच. पण गोळीच्या आधी शौच तपासलं. शाळेतल्या प्रत्येक पोराने वर्षातून दोनदा छोट्या पिशवीत नमुना न्यायचा, तो सूक्ष्मदर्शकाखाली जायचा, अंडी सापडली तर औषध. लाजिरवाणं होतं का? असणारच. पण केलं. आणि त्याच वर्षांमध्ये मैल्याच्या खताची जागा रासायनिक खताने घेतली, फ्लशचे संडास आले, सांडपाण्याच्या वाहिन्या आल्या, लोकांच्या खिशात पैसा आला. दोन्ही बाजूंनी दाबलं, आतून आणि बाहेरून. युद्धानंतरच्या जपानमध्येही थोड्याफार फरकाने हेच झालं.

आपण काय मोजतो? "अमुक कोटी बालकांना गोळ्या दिल्या." हा इनपुट झाला. आउटपुट कुठाय? अधूनमधून राज्य पातळीवर पाहणी होते, वर छत्तीसगडचा आकडा दिला तो त्यातलाच. पण माझ्या गावात, माझ्या शाळेत, माझ्या वॉर्डात आज किती पोरांच्या पोटात जंत आहेत हे ग्रामपंचायतीला विचारून बघा. गोळ्यांचा आकडा मिळेल. वाटलेल्या, उरलेल्या, गैरहजर पोरांना मागाहून दिलेल्या, सगळा हिशेब चोख. जंतांचा आकडा मिळणार नाही. कुठल्याही टीम लीडने असा स्टेटस रिपोर्ट दिला, "बग किती राहिले माहीत नाही, पण पॅच भरपूर मारलेत", तर त्याचं काय होईल?

आता दुसऱ्या बाजूचे लोक खूश झाले असतील. "आम्ही तेच म्हणत होतो, संडास बांधा!" थांबा, तुमच्याशीही भांडायचंय.

ओडिशात पुरी जिल्ह्यातल्या १०० गावांमध्ये संपूर्ण स्वच्छता अभियानाचा परिणाम तपासणारी एक मोठी चाचणी झाली. २०१४ साली लॅन्सेट ग्लोबल हेल्थमध्ये ती छापून आली. ज्या गावांत अभियान राबवलं तिथे संडास असलेली घरं ९ टक्क्यांवरून ६३ टक्क्यांवर गेली. जुलाब किती कमी झाले? झाले नाहीत. जंत? तेही नाहीत. कारण बांधलेले सगळे संडास चालू नव्हते, आणि जे चालू होते ते घरातले सगळेजण वापरत नव्हते. वापराचं अर्धवट काम जंताला पुरतं. एक मादी, दिवसाला २ लाख. दहातल्या तीन माणसांनी उघड्यावर बसायचं ठरवलं तरी गावाच्या मातीला काही कमी पडत नाही.

म्हणजे इथेही तोच रोग. आपण गोळ्या मोजल्या, तसे संडास मोजले. २ ऑक्टोबर २०१९ ला देश हागणदारीमुक्त जाहीर झाला. आणि २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १९ टक्के कुटुंबांनी सांगितलं की आम्ही कुठलाच संडास वापरत नाही. टीका करायची म्हणून म्हणत नाही. गेल्या काही वर्षांत उघड्यावर जाणं खूप कमी झालंय हे खरंच आहे, आणि पहाटे अंधारात टमरेल घेऊन जाणाऱ्या बायांना त्याचा अर्थ विचारा. पण जाहिरातीतलं "मुक्त" आणि मातीतलं "मुक्त" यांत फरक आहे. अंड्यांना प्रमाणपत्र वाचता येत नाही.

आणि संडास वापरला, तरी पुढे काय? हा प्रश्न शहरातल्या आपल्यासारख्यांसाठी आहे. आपण फ्लश दाबतो आणि समजतो, गेलं. कुठे गेलं? सेप्टिक टँकमध्ये जंताची अंडी मरत नाहीत, जड असल्यामुळे तळाच्या गाळात जाऊन बसतात. मग कधीतरी टाकी तुंबते, टँकर येतो, मैला उपसतो आणि गावाबाहेरच्या नाल्यात किंवा कोणाच्या तरी शेतात रिकामा करतो. त्याच नाल्याच्या पाण्यावर पालक, मुळा, कोथिंबीर वाढते. मुंबईत रेल्वेच्या रुळांच्या कडेला गटाराच्या पाण्यावर वाढवलेली भाजी वर्षानुवर्षं लोकांनी डोळ्यांनी पाहिलेली आहे. १९८९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सांगून ठेवलं होतं की कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या भाजीला सांडपाणी द्यायचं तर एका लिटरमध्ये जंताचं एकापेक्षा जास्त अंडं असता कामा नये. आपल्या नाल्याला हे कोणी कळवलंय का?

म्हणजे दहाव्या मजल्यावरच्या माणसाचा फ्लश आणि शेतमजुराच्या पोराचं पोट यांच्यामध्ये एक सरळ पाइपलाइन आहे. परतीच्या वाटेवर ती कोथिंबिरीच्या जुडीतून दहाव्या मजल्यावर येते. "आपल्याकडे नाही हो असलं काही" म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

उपाय नाहीत असं नाही. आपल्याच राज्यात वाई आणि सिन्नर या दोन गावांनी घराघरांतल्या टाक्या तुंबायची वाट न बघता दर तीन वर्षांनी पाळीपाळीने उपसायच्या आणि तो मैला प्रक्रिया केंद्रात न्यायचा अशी पद्धत बसवली. ही गावं काही सिंगापूर नाहीत. नगरपालिकेच्या पातळीवर हे होतं.

खेड्यात त्याहून सोपं आहे: दोन शोषखड्ड्यांचा संडास. एक खड्डा भरला की तोंड बंद करायचं, दुसरा चालू करायचा. बंद खड्डा आपल्या हवामानात वर्षभराहून जास्त, जमल्यास दोन वर्षं, तसाच ठेवला की अंडी मरतात आणि आत उरतं ते मातीसारखं खत. ना टँकर, ना वाहिनी, ना वीज. कणकवलीच्या गोपुरी आश्रमात अप्पासाहेब पटवर्धनांनी मैल्याचं खत करणाऱ्या संडासाचे प्रयोग केले त्याला आता अर्धशतकाहून जास्त काळ लोटलाय. तंत्रज्ञान आपल्या दारात पडलंय.

मग अडलंय कुठे? जे अडलंय त्याचं नाव घ्यायला आपल्याला नको वाटतं. अडलंय जातीत. "खड्डा भरला की उपसणार कोण?" हा प्रश्न गावात विचारला जातो तेव्हा उपसायला लागणाऱ्या वेळेची चिंता नसते. ते काम "आपलं नाही", ते "त्यांचं" आहे, आणि "ते" आता (अगदी योग्यच) नकार देतात. म्हणून लोक खोलीएवढा प्रचंड खड्डा खणतात, जो आयुष्यभर भरू नये, किंवा भरू नये म्हणून वापरतच नाहीत. घरात संडास, आणि मालक परसाकडे!

आणि इथे जंताचं विज्ञान आपल्याला सणसणीत थप्पड मारतं. आठवतंय, ताजी अंडी काहीच करत नाहीत? जंत झालेल्या माणसाशेजारी बसून, त्याच्याबरोबर जेवून, त्याला शिवून जंत होत नाहीत. शिवाशिवीने पसरणारा हा रोगच नाही. तो पसरतो तो आठवडे-महिने जुन्या, उघड्यावर पडलेल्या मैल्यातून, म्हणजे कोणी हात लावायचा नाही म्हणून तशाच सोडून दिलेल्या घाणीतून. ज्याला आपण विटाळ म्हणून लांब ठेवलं त्याने आजार दिला नाही. आपण ज्याच्याकडे पाठ फिरवली त्याने दिला. दोन वर्षं बंद ठेवलेल्या खड्ड्यातलं खत फावड्याने काढताना विटाळ होतो असं ज्यांना वाटतं, त्यांनी पोराच्या पोटातल्या फूटभर जंताचा विटाळ का होत नाही हेही सांगावं.

बरं, रागावून झालं. आता कामाचं बोलू. प्रत्येकाच्या हातात काय आहे?

घरात:

१. संडासहून आल्यावर आणि जेवणाआधी साबणाने हात धुणं. नुसत्या पाण्याने नाही. पोरांची नखं दर आठवड्याला कापणं. मातीत खेळू द्या, जरूर खेळू द्या, पण खेळून आल्यावर हात न धुता लाडू हातात देऊ नका. (आजीचं "गोडाने जंत होतात" इथून आलं असेल का कोण जाणे! दोष लाडवाचा नाही, हाताचा.)

२. कच्ची खायची भाजी, म्हणजे कोथिंबीर, मुळा, गाजर, काकडी, पातीचा कांदा, वाहत्या पाण्याखाली चोळून धुवा, शक्य तिथे सोला. नुसतं औषधी पाण्यात बुडवून ठेवलं की झालं, असं समजू नका. जंताच्या अंड्याचं कवच भलतंच चिवट असतं, पिण्याच्या पाण्यात घालतात तेवढ्या क्लोरीनला ते दाद देत नाही. अंडं मारण्यापेक्षा ते धुऊन काढणं सोपं. शिजवलं किंवा उकळलं की मात्र ते मरतं.

३. कोणी माती खात असेल, लहान मूल असो किंवा गरोदर बाई, तर हसण्यावारी नेऊ नका. डॉक्टरांना दाखवा.

४. शाळेतली गोळी चुकवू नका. "आमच्याकडे आम्ही वावडिंग देतो" हे उत्तर नाही. वावडिंग आजीच्या प्रेमाखातर द्या हवं तर, पण गोळीऐवजी नको.

५. चप्पल घाला, पण कशासाठी ते माहीत असू द्या. अनवाणी पायातून शिरतो तो अंकुशकृमी. आपला हा जंत तोंडातूनच येतो. चप्पल घालून हात न धुता जेवलात तर उपयोग शून्य.

गावात आणि सोसायटीत:

१. ग्रामसभेत विचारा: संडास किती आहेत हे नको, चालू किती आहेत आणि घरातले सगळे वापरतात का ते सांगा. म्हातारे आणि लहान मुलंसुद्धा. बाळाचं शौच कुठे टाकता हाही प्रश्न विचारा. "बाळाचं काय, ते तर निर्मळ" ही आपली आवडती समजूत, पण अंडी वय बघत नाहीत.

२. सोसायटीच्या सभेत पार्किंगवरून दोन तास भांडतो ना आपण? त्यातली पाच मिनिटं काढून विचारा, आपली टाकी उपसणारा टँकर कुठे रिकामा होतो? पावती दाखवा म्हणावं.

३. शाळेत विचारा, पोरांच्या शौचाची तपासणी शेवटची कधी झाली? सगळ्यांची नको, दर वर्षी थोड्या पोरांची करा. सूक्ष्मदर्शक आणि एक तंत्रज्ञ, याहून जास्त काही लागत नाही. कोरियाने साठ-सत्तरच्या दशकात, आपल्याहून फार श्रीमंत नसताना हे केलं.

हे तिसरं झालं की बाकीची दोन आपोआप होतील असं माझं मत आहे. ज्या दिवशी शाळेच्या फळ्यावर "गोळ्या दिल्या: २१२" याच्या शेजारी "जंत सापडले: २० पैकी ९" असं लिहिलं जाईल, त्या दिवशी पालक विचारतील, गोळी देऊनही नऊ कसे? आणि मग उत्तर द्यायला सरपंचाला गोळीच्या डब्याकडे नाही, ओढ्याच्या काठाकडे बोट दाखवावं लागेल.

तोपर्यंत आपला क्रॉन जॉब चालू राहील. वर्षातून दोनदा रिस्टार्ट, डॅशबोर्ड हिरवा, आणि मातीत कोट्यवधी अंडी निवांत पिकत पडलेली. त्यांना घाई नाही. घाई आपल्याला असायला हवी.

असो. आता जेवायच्या आधी हात धुवा. साबणाने.